दुसरा हात

भाद्रपदात तैलरंग हाती घेऊ नयेत,
हे तीस वर्षं कुंकळ्ळीच्या शाळेत पोरांना सांगितलं
आणि आता असोळण्यात, साळ नदीच्या अंगाला,
भाड्याच्या माडीवर स्वतःच घेऊन बसलोय.
जवसाचं तेल सुकत नाही.
कॅनव्हासच्या पाठीवर बुरशीचे ठिपके.
नाकावरचा उजेड सोमवारी ठेवला,
शुक्रवारीही बोटाला लागतो.

रुझार फुर्तादो चार वाजता येतो.
छत्री दाराबाहेर उघडीच ठेवतो,
बाकावर पाय रोवून बसतो,
घर आत्ता हलेल अशा बेतानं.
सदतीस वर्षं तारवटी.
चित्राचे पैसे मुलीनं पाठवलेत.
फोनवर म्हणाली, पप्पांना जरा हसरे काढा,
मागे समुद्र दाखवा, निळा.

निळा मी पेटीतून काढलेलाच नाही.
पांढरा, हस्तिदंती काळा, पिवळी माती,
भाजलेला अंबर,
आणि लाल, तोही विटेच्या जातीचा.
काळ्यात पांढरा कालवला
की या मंडळींत तो निळा असल्यासारखा वागतो.
गरिबाघरची युक्ती.

वीज गेलेली.
खिडकीतला उजेड शेवाळलेल्या कौलांवरून उतरत येतो,
त्याच्या डाव्या गालावर जेमतेम टेकतो.
उरलेला चेहरा मी अंधाराला देऊन टाकलाय.
लाल फार बोलायला लागला की चिमूटभर काळा घालतो.
रंग मारायचा, पण मरू द्यायचा नाही.
हे पोरांना कधी शिकवता आलं नाही,
मार्कं द्यायची कशी याची?

उजवा हात गुडघ्यावर आहे, जमला.
डावा नुसता पातळ अंबरनं आखून ठेवलाय.

आठव्या बैठकीला पाठीत कळ आली म्हणून तो उठला.
चित्राकडे नाही,
पॅलेटकडे बघत राहिला.
"हो रंग न्हय, बाब."
कुठला?
"हा करडा. हा बंदरातला, उभ्या बोटीचा.
मी दुसरं केलं काय तिथं?
गंज खरवडायचा, करडा मारायचा.
नाळ संपते तोवर मागे गंज आलेलाच.
करडे मला विचार.
एक पहाटे चारचा.
एक मीठ चढलेला.
एक जुना पत्रा नवा म्हणून विकायचा."

खाली पोदेराचा भोंगा वाजत गेला.

"आणि एक, तार आली त्या दिवसाचा.
मी फळीवर लोंबत होतो, बोटीच्या कुशीला.
वरून बोसननं कागद हलवून दाखवला.
तेव्हाच वर चढलो असतो तर रंग सुकला असता,
जोड दिसला असता.
म्हणून पट्टा पुरा केला.
लिब्राताला पुरून तोवर तीन दिवस झालेले,
घाई कसली."

कुठलं बंदर, मी विचारलं नाही.
त्यानं जाड बोट पिवळ्या मातीत बुडवलं,
मग काळ्यात, अगदी कडेला,
मग पांढऱ्यात,
आणि पॅलेटच्या कोपऱ्यात गोल गोल फिरवून
एवढासा ढीग केला.
बोट धोतरासारख्या मळक्या माझ्या फडक्याला पुसलं.

तो मी डोळ्याखाली ठेवला.
फक्त तिथंच.
आणि इतके दिवस उभा असलेला चेहरा
खाली बसला.

जाताना छत्रीचं पाणी झटकत
मान आत घालून म्हणाला,
"दुसरा हात राहिला."
बोटीवरही रंगाला हातच म्हणतात,
पहिला हात, दुसरा हात.
त्याला कुठला म्हणायचं होतं कोण जाणे.
जिन्यावर पावलं मोजून पडत गेली,
प्रत्येक पायरी आधी पारखून.

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवले.
डाव्या हाताकडे बघत बसलो, नुसत्या रेघा,
त्यांतून कॅनव्हासचं सूत दिसतं.

रात्री मुलीचा फोन.
हसले का?
मी म्हणालो, अजून ओलं आहे.